ट्रॅकरचा ठिपका अडकतो, उड्या मारतो किंवा गायब होतो: तपासणी कुठून सुरू करायची

आधी एक गोष्ट. घरातलं माणूस या क्षणी सापडत नसेल तर हा लेख बंद करा. ट्रॅकर, म्हणजे माणसाच्या अंगावर लावलेलं, ते कुठे आहे हे फोनच्या नकाशावर ठिपक्याने दाखवणारं यंत्र, दुरुस्त करत बसायची ती वेळ नव्हे. घराचे कोनाकोपरे, गच्ची, जिना, उभी असलेली गाडी, आसपासचं पाणी पटकन बघून घ्या. स्वमग्न मूल असेल तर सगळ्यात आधी पाण्याकडे धावा. पंधरा मिनिटांत माणूस दिसलं नाही तर पोलिसांना फोन करा. स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) असलेल्यांच्या बाबतीत अमेरिकेतली अल्झायमर्स असोसिएशनही हीच पंधरा मिनिटांची मर्यादा सांगते. हरवल्यावर चोवीस तास थांबावं लागतं, हे डोक्यातून काढून टाका.

बाकीच्यांनी सावकाश वाचा.

वडिलांना डिमेन्शिया झाला तेव्हा मी पहिला ट्रॅकर घेतला. नंतर नात्यातली, ओळखीतली माणसं आपापली घड्याळं, लॉकेटं, कमरेला अडकवायच्या डब्या घेऊन येत गेली. तक्रार जवळपास एकच असायची: ‘याचं जीपीएस बिघडलंय.’ आणि उघडून बघावं तर जीपीएस ठणठणीत. बिघाड असायचा चार्जिंगच्या पिनांत, संपलेल्या डेटामध्ये, बाहीखाली दडलेल्या घड्याळात, नाहीतर आपण तो ठिपका ज्या पद्धतीने वाचतो त्यात.

लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कोणतं ते आधी ठरवा. एकापेक्षा जास्त असतील तर सगळी कागदावर लिहा, वेळेसकट.

- माणूस बाहेर गेलंय हे तुम्हाला माहीत आहे, तरी ठिपका घरातच.
- ठिपका एकदम दीड-दोन किलोमीटर लांब उडी मारतो आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतो.
- माणूस रात्री अंथरुणात आहे आणि ‘घराबाहेर पडले’ अशी सूचना येते.
- माणूस खरंच बाहेर पडलं, पण सूचना अर्ध्या तासाने आली, किंवा आलीच नाही.
- ठिपका जुन्या घराच्या पत्त्यावर, जिथे आता आपलं कोणीच राहत नाही.
- ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात. (घाबरू नका. ते शून्य अक्षांश, शून्य रेखांश आहे. यंत्राला जागा सापडली नाही आणि त्याने रिकाम्या रकान्यात शून्य भरून पाठवलं, एवढाच त्याचा अर्थ.)
- सकाळी १०० टक्के चार्ज, दुपारी यंत्र बंद.
- तारीख जवळपास वीस वर्षं मागची.

ठिपका वाचायचा कसा

पुष्कळांच्या मनात असं चित्र असतं की वर उपग्रह आहे, त्याला आपले बाबा दिसतात आणि तो आपल्याला कळवतो. तसं होत नाही. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटरवरून फक्त बोलतात. तुमच्या ट्रॅकरचं काहीच ऐकत नाहीत. ट्रॅकर त्यांचं बोलणं ऐकतो, किमान चार उपग्रहांपासूनचं अंतर मोजून स्वतःची जागा काढतो आणि मग मोबाइल नेटवर्कवरून ती कंपनीच्या सर्व्हरला कळवतो. तिथून ती तुमच्या फोनवर येते. म्हणजे साखळी चार कड्यांची झाली: आकाश ते ट्रॅकर, ट्रॅकर ते मोबाइल टॉवर, टॉवर ते सर्व्हर, सर्व्हर ते तुमचा फोन. यातली कुठलीही कडी तुटली तरी नकाशावर दिसायला एकच दिसतं: ठिपका हलत नाही.

म्हणून ठिपक्यावर बोट ठेवून खालचे तीन तपशील वाचायची सवय लावा. शेवटचं अपडेट किती वाजता आलं? जागा कशावरून काढली: जीपीएस, वायफाय की टॉवर? बॅटरी किती? ‘बाबा घरी आहेत’ असं ॲप कधीच सांगत नसतं. ‘दुपारी २ वाजून १० मिनिटांनी, टॉवरवरून काढलेल्या अंदाजानुसार, ते या मोठ्या वर्तुळात कुठेतरी होते’ एवढंच ते सांगतं. मी स्वतः एकदा अडीच तास जुन्या ठिपक्यावर विसंबून निवांत बसलो होतो. वडील तोवर दुसऱ्याच बाजूला पोचले होते. ते सापडले, पण त्या दिवसापासून मी आधी वेळ बघतो आणि मग जागा.

वर्तुळाचा आकारही बघा. उघड्या आकाशाखाली जीपीएसची चूक पाच-दहा मीटरची असते. वायफायवरून काढलेली जागा काही दहा मीटर इकडेतिकडे. नुसत्या टॉवरवरून काढलेली मात्र काही शे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत चुकू शकते. ‘उडी मारणाऱ्या’ ठिपक्याचं कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं. माणूस इमारतीच्या आत गेलं, जीपीएस तुटलं, यंत्राने टॉवरचा आधार घेतला आणि ठिपका टॉवरच्या बाजूला सरकला. माणूस होतं तिथेच होतं.

आता तपासण्या. क्रम फुकटापासून खर्चिकापर्यंत आहे. मधलं काही वगळू नका. पहिल्या तीन तपासण्यांतच बहुतेकांचं काम होतं.

१. तुमचा स्वतःचा फोन

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर त्याच खात्याने ॲप उघडा. तिथे ठिपका ताजा दिसला तर ट्रॅकरला हातही लावू नका, दोष तुमच्या फोनचा आहे.

अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे पडलेली ॲप झोपवतो. म्हणून त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. अँड्रॉइड १३ पासून पुढे प्रत्येक ॲपला नोटिफिकेशनची वेगळी परवानगी द्यावी लागते. फोन बदलताना ती द्यायची राहून जाते आणि महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. रात्रीचा ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावत असाल तर या ॲपला त्यातून सूट द्या. डिमेन्शियाची माणसं पुष्कळदा रात्री-बेरात्री दार उघडतात आणि नेमका तेव्हाच फोन गप्प बसवलेला असतो.

ॲपमधला टाइम झोनही याच वेळी बघून घ्या. अनेक स्वस्त ट्रॅकर कारखान्यात लावलेल्या भलत्याच टाइम झोनवर चालत राहतात. मग आत्ताचा ठिपका काही तासांपूर्वीचा दिसतो, किंवा भविष्यातला.

२. बॅटरी आणि चार्जिंगच्या पिना

माझ्याकडे आलेल्या ‘मेलेल्या’ ट्रॅकरपैकी सगळ्यात जास्त इथे जिवंत झाले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घड्याळाच्या किंवा लॉकेटच्या मागे दोन ते चार धातूचे ठिपके असतात. चार्जरच्या पिना तिथे टेकतात. घाम, साबण, त्वचेला लावलेलं मलम यांचा थर त्यावर बसतो. दिसायला तो किरकोळ असतो, पण वीज अडवायला पुरेसा. हिरवट डाग असेल तर धातू गंजायला लागलाय. यंत्र बंद करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला कापसाचा बोळा घ्या, हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. चार्जरच्या बाजूच्या पिनाही पुसा. त्या आत दबून परत वर येतात का तेही बोटाने दाबून बघा. सुई किंवा ब्लेडने खरवडू नका, वरचा मुलामा गेला की गंज भराभर येतो.

चुंबकाने चिकटणाऱ्या चार्जरची वेगळी गंमत आहे. तो चिकटतो, ‘टक’ असा आवाजही येतो, आणि पिना मात्र अर्धा मिलिमीटर बाजूला राहतात. वडिलांच्या घड्याळाचं हेच होत होतं. चिकटवल्यावर पडद्यावर चार्जिंगचं चिन्ह आलं की नाही हे बघितल्याशिवाय तिथून हलायचं नाही, असा नियम आम्ही घरात केला.

पिना स्वच्छ असूनही दुपारी बॅटरी संपत असेल तर दोन शक्यता. पहिली, बॅटरी म्हातारी झाली. लिथियम बॅटरीची क्षमता ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर जाणवण्याइतकी घटते. रोज चार्ज होणाऱ्या यंत्राचं हे आयुष्य म्हणजे वर्ष-दीड वर्ष. दुसरी शक्यता लोकांना सुचत नाही: रेंज कमी आहे. टॉवर लांब असला की यंत्राला जास्त जोर लावून ‘ओरडावं’ लागतं, त्यात बॅटरी जळते. माणूस दिवसभर तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत बसत असेल तर तिथे रेंज किती आहे ते बघा.

चार्जिंगची वेळ ठरलेली असू द्या. आंघोळ किंवा टीव्हीचा तास, जेव्हा सोबत नक्की कोणीतरी असतं. रात्री काढून चार्जिंगला लावणं सोयीचं वाटतं, पण वर म्हटल्याप्रमाणे दार पुष्कळदा रात्री उघडलं जातं.

३. अंगावर कुठे आणि कसं आहे

उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत किती क्षीण होतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो. एका वॅटचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करा. साधारण तेवढा. आपलं शरीर बरंचसं पाणीच आहे आणि पाणी हा संकेत शोषून घेतं. लॉकेट उलटं होऊन छातीला चिकटलं, घड्याळ सैल पट्ट्यामुळे मनगटाखाली फिरलं, डबी मागच्या खिशात गेली आणि माणूस तिच्यावर बसलं, की यंत्राचे कान झाकले गेले. एका सुती कपड्याने फारसं अडत नाही. धातूची बकल, नाण्यांचं पाकीट, फॉइलचं अस्तर असलेली पिशवी यांनी नक्की अडतं.

तोंड वर, आकाशाकडे. लॉकेट असेल तर कपड्याच्या वर, दोरी आखूड. घड्याळ असेल तर पट्टा असा की करंगळी जाईल, पण घड्याळ फिरणार नाही.

माणूस यंत्र काढून फेकत असेल तर तो तांत्रिक दोष नाही, तरी ठिपका घरी अडकण्याचं ते फार मोठं कारण आहे. ज्या हाताने माणूस जेवतं, लिहितं, त्याच हाताला घड्याळ बांधून बघा. पट्टा सोडायला मग दुसरा, सवय नसलेला हात वापरावा लागतो आणि पुष्कळदा नाद सुटतो. टोचणारा पट्टा बदला, कातडी लाल झाली का ते रोज बघा. आणि ज्यांना समजतं त्यांना सांगून बांधा. माझे वडील ‘हे कशाला?’ म्हणून चिडायचे. ‘तुमचा फोन नाही लागला तर मला कळेल’ एवढं सांगितलं की चालायचं. स्वमग्न मुलांच्या बाबतीत काही पालक कपड्याच्या आत शिवलेल्या खिशात यंत्र ठेवतात. ते चालतं, फक्त खिसा पाठीच्या वरच्या भागात असू द्या.

४. सिम आणि डेटा

ट्रॅकरमधलं सिम कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतं, म्हणून त्याची मुदत कोणाच्याच लक्षात राहत नाही. आधी बॅलन्स आणि मुदत तपासा. ठीक असेल तर सिम काढून एखाद्या साध्या फोनमध्ये घाला, वायफाय बंद करा आणि एखादं वेबपेज उघडून बघा. उघडलं तर सिम चांगलं. फोनने सिमची पिन (गुप्त क्रमांक) मागितली तर दोष सापडला: ट्रॅकरला पिन टाइप करता येत नाही, ती फोनवरच बंद करून टाका. वेबपेज उघडतं पण ट्रॅकर गप्प, अशा वेळी ट्रॅकरमधलं एपीएन (मोबाइल कंपनीच्या इंटरनेटला जोडून देणारं) सेटिंग बघा. मोबाइल कंपनी बदलली की ते बदलावं लागतं आणि स्वस्त यंत्रांत ते आपोआप होत नाही.

फोन लागतो, एसएमएस जातो, पण ठिपका येत नाही? मग डेटा संपलाय किंवा बंद आहे. आवाज आणि डेटा या दोन वेगळ्या वाटा आहेत.

जुनं यंत्र फक्त २जी किंवा ३जीवर चालणारं असेल तर आणखी एक शक्यता आहे, आणि तिच्यावर उपाय नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात २०२४ अखेर ते संपलं, इतरत्रही हेच चाललंय. काल चालणारं यंत्र आज कायमचं गप्प झालं आणि त्याच सिमवर तुमचा फोन उत्तम चालतोय, तर खोक्यावर ‘४जी’ लिहिलंय का बघा. लिहिलं नसेल तर पुढच्या तपासण्या करून वेळ घालवू नका, यंत्र बदला.

५. उघड्या आकाशाची चाचणी

ही चाचणी लोक नीट करत नाहीत. यंत्र खिडकीत दोन मिनिटं धरतात आणि ‘जीपीएस गेलं’ म्हणतात.

प्रत्येक उपग्रह ‘मी नेमका कुठे आहे’ ही माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने सांगतो. ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते आणि साधारण चार तास उपयोगी असते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. बराच काळ बंद असलेल्या यंत्राला हे सगळं पहिल्यापासून ऐकावं लागू शकतं, आणि मध्येच भिंत आडवी आली की तो तुकडा पुन्हा ऐकायची वेळ येते. हे टाळण्यासाठी बहुतेक ट्रॅकर ही माहिती मोबाइल डेटावरून झटकन उतरवून घेतात. म्हणजे डेटा संपला की जीपीएससुद्धा मंद झाल्यासारखं वाटतं. चौथी तपासणी पाचवीच्या आधी ठेवली ती यासाठीच.

तर चाचणी अशी. पूर्ण चार्ज केलेलं यंत्र मैदानात किंवा गच्चीच्या मध्यभागी, भिंती-टाक्यांपासून लांब, तोंड वर करून ठेवा. अंगावर नको, हातात नको. पंधरा मिनिटं थांबा. मग ॲपमध्ये बघा: जागा ‘जीपीएस’वरून आली का, आणि वर्तुळ लहान झालं का? आली असेल तर संकेत पकडणारी यंत्रणा आणि अँटेना शाबूत आहेत. दोष वापरात आहे किंवा सेटिंगमध्ये. वीस मिनिटांनीही टॉवरवरचीच जागा येत असेल, तर पुन्हा एकदा दुसऱ्या दिवशी करून बघा. दोन्ही वेळा तेच आलं तर अँटेनाची जोडणी सुटली असण्याचा दाट संशय घ्या आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

उंच इमारतींच्या गल्लीत मात्र चांगलं यंत्रही चुकतं. संकेत भिंतीवर आपटून लांबच्या वाटेने येतो, यंत्राला वाटतं उपग्रह तेवढा लांब आहे. ठिपका शेजारच्या रस्त्यावर दिसतो. त्यावर तुमच्याकडे इलाज नाही, फक्त ते माहीत असलं पाहिजे. जीपीएसशिवाय ग्लोनास, गॅलिलिओ, बेइदू अशा तशाच दुसऱ्या उपग्रह प्रणालीही ऐकणारं यंत्र तिथे थोडं बरं काम करतं, कारण इमारतींच्या फटीतून दिसणाऱ्या उपग्रहांची संख्या वाढते.

६. झोप आणि अपडेटचं अंतर

सेटिंगमध्ये ‘अपडेट इंटरव्हल’ शोधा. ते ३० किंवा ६० मिनिटांवर असेल तर ठिपका ‘अडकणारच’. सावकाश चालणारं माणूस तासाला तीन-चार किलोमीटर जातं. दहा मिनिटांच्या अंतराने अपडेट आलं तरी मधल्या वेळात ते अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. मी दिवसा पाच ते दहा मिनिटं ठेवतो. एक मिनिट ठेवायचा मोह होतो, पण मग दुपारीच बॅटरी संपते आणि आपण दुसऱ्या तपासणीपाशी परत येतो.

त्याहून चकवणारी गोष्ट म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर. बॅटरी वाचवण्यासाठी यंत्र स्थिर असलं की झोपतं आणि हललं की जागं होतं. तरुण माणसाच्या चालीला ते लगेच जागं होतं. पाय घासत, हात न हलवता चालणाऱ्या वृद्धाच्या चालीला होतंच असं नाही. वॉकर धरून चालणाऱ्यांच्या मनगटावरचं घड्याळ तर जवळजवळ स्थिरच असतं. गुळगुळीत रस्त्यावर गाडीत बसलेल्या माणसाचंही तसंच. मला हे कळायला चार यंत्रं लागली. ‘ठिपका घरी, माणूस बाहेर’ हे लक्षण फक्त त्याच माणसाच्या अंगावर येत असेल आणि तुम्ही स्वतः यंत्र घालून फिरल्यावर सगळं नीट चालत असेल, तर दोष इथे आहे. सेन्सरची संवेदनशीलता वाढवता येत असेल तर वाढवा, नाहीतर झोपेची सोय बंद करा आणि दिवसातून दोनदा चार्ज करा. किंवा घड्याळाऐवजी कमरेला लावायचं यंत्र घ्या. अशा चालीत कंबर हातापेक्षा जास्त हलते.

७. कुंपण आणि राउटर

कुंपण म्हणजे ॲपमध्ये घराभोवती आखलेलं सुरक्षित वर्तुळ; ते ओलांडलं की सूचना येते. त्याची त्रिज्या ५० मीटर ठेवली असेल तर रात्रीच्या खोट्या सूचना येणारच, कारण घरातल्या जीपीएसची चूकच तेवढी असू शकते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात किमान १०० ते १५० मीटर सुचवलेलं आहे. मी १५० वरून सुरुवात करतो. खोट्या सूचना वाईट असतात, कारण आठवडाभरात घरचे त्या न वाचताच बाजूला सारायला लागतात. दाराच्या उंबरठ्यावरच कळायला हवं असेल तर दाराला लावायचा साधा चुंबकी सेन्सर घ्या. ट्रॅकर ते काम करू शकत नाही.

ठिपका जुन्या घरी दिसत असेल तर तुम्ही घर बदलताना वायफायचा राउटर सोबत आणलाय का? जगभरातल्या राउटरांच्या ओळखक्रमांकांची आणि जागांची यादी मोठ्या कंपन्यांकडे असते. तुमचा राउटर तिथे अजून जुन्या पत्त्यावर नोंदलेला आहे. आजूबाजूने फोन फिरत राहिले की काही आठवड्यांत यादी आपोआप सुधारते. तोवर ट्रॅकरमध्ये ‘वायफाय पोझिशनिंग’ बंद करता आलं तर बंद ठेवा.

८. हे यंत्र मुळात ट्रॅकर आहे का?

एअरटॅगसारख्या टॅगमध्ये जीपीएसही नसतं आणि सिमही नसतं. तो ब्लूटूथने हाक मारतो. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या फोनने ती ऐकली तरच जागा कळते. गर्दीत हे छान चालतं. ओसाड रस्त्यावर, शेतात, झाडीत तास तास गप्प. त्याला बिघाड म्हणता येणार नाही, ती त्या वस्तूची मर्यादा आहे. किल्ल्या आणि बॅगांसाठी बनवलेली गोष्ट माणसाच्या गळ्यात घालून तिच्यावरच भिस्त ठेवू नका. शिवाय मालकाच्या फोनपासून बराच वेळ लांब राहिले तर काही टॅग हलल्यावर स्वतः वाजू लागतात, आणि गोंधळलेलं माणूस आवाज येणारी वस्तू काढून टाकतं.

टॅग वापरतच असाल आणि नवा सेल घालूनही तो चालत नसेल, तर सेलवर मुलं गिळू नयेत म्हणून कडू लेप आहे का बघा. त्या लेपामुळे काही सेल टॅगशी जुळत नाहीत. आणि हे सेल लहान मुलांपासून लांब. गिळला गेल्याची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठा.

९. अपडेट, पासवर्ड, रीसेट

फर्मवेअरचं (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आलं असेल तर पूर्ण चार्ज करून, माणूस घरात सोबत असताना करा. तारीख वीस वर्षं मागे गेली असेल तर कारण मजेशीर आहे: जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवडे झाले की गणती शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये ती तशी आली होती. जुन्या सॉफ्टवेअरची यंत्रं तेव्हा गडबडली, काही त्यानंतरही गडबडतात. अपडेट मिळालं तर सुटतं, कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल तर नाही.

पासवर्ड ‘१२३४५६’ असेल तर आत्ता बदला. २०१९ मध्ये अव्हास्ट या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांना सुमारे सहा लाख ट्रॅकर याच पासवर्डवर चालताना सापडले होते. म्हणजे तुमच्या आईचा ठिपका तुमच्याशिवाय आणखी कोणीही बघू शकतं.

फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी. आधी एपीएन, कुंपण, आपत्कालीन फोन नंबर यांचे स्क्रीनशॉट घ्या. रीसेटनंतर आपत्कालीन नंबर भरायचा राहिला आणि मदतीचं बटण दाबल्यावर कुठेच फोन गेला नाही, असं मी पाहिलंय.

इथे थांबा

खालीलपैकी काही दिसलं तर पुढे स्वतः काही करू नका.

मागचं झाकण फुगलंय, पडदा वर उचलला गेलाय किंवा चार्ज करताना यंत्र हाताला चटका बसेल इतकं तापतं: बॅटरी फुगली किंवा बिघडली आहे. चार्जर काढा, अंगावरून यंत्र काढा, टोचू-दाबू नका, चार्ज करू नका. सेवा केंद्रात किंवा ई-कचरा केंद्रात द्या.

काचेच्या आत वाफ किंवा पाणी दिसतंय: यंत्रावर लिहिलेला ‘आयपी६७’ हा पाणी रोखण्याचा दर्जा म्हणजे एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास. गरम पाणी, साबण, वाफ यांची हमी त्यात नाही. तांदळाच्या डब्यात ठेवून वेळ घालवू नका, बंद करून कारागिराकडे द्या. एकदा पाणी गेलेलं यंत्र सुरू झालं तरी मी पुन्हा माणसाच्या अंगावर घालत नाही.

उघड्या आकाशाची चाचणी दोनदा नापास झाली, किंवा रीसेटनंतरही दोष आठवड्यात परत आला: हमीत असेल तर कंपनीकडे, नसेल तर नवं. सीलबंद यंत्र घरी उघडलं की पाणी अडवणारी गोंदाची कड तुटते आणि पहिल्यासारखी बसत नाही.

सगळ्या कड्या ठीक आहेत आणि तरीही आठवड्यातून दोन-तीनदा माणूस एकटं बाहेर पडतंय: मग हा प्रश्न यंत्राचा उरला नाही. डॉक्टरांना दाखवा. मूत्रमार्गाचा संसर्ग, नवं औषध, वेदना, झोपमोड यांनीही भटकणं अचानक वाढतं आणि ते तपासता येतं.

दुरुस्ती झाल्यावर मी यंत्र लगेच परत देत नाही. आधी चालून बघतो. ट्रॅकर माणसाच्या अंगावर, सोबत घरातलं कोणीतरी, आणि ॲप तिसऱ्याच्या हातात. घरातून निघायचं, कुंपणाबाहेर जायचं, दहा मिनिटं बाकावर बसायचं, दुकानात किंवा जिन्यात शिरायचं, परत यायचं. ॲपवाल्याने प्रत्येक ठिपक्याची वेळ कागदावर लिहायची, चालणाऱ्याने आपली. संध्याकाळी दोन कागद शेजारी ठेवले की कुठे किती मिनिटं मागे पडलं ते दिसतं. हे महिन्यातून एकदा. आमच्याकडे तो कागद फ्रिजवर लावलेला असायचा, त्यावर पोलिसांना द्यायचा ताजा फोटो, उंची, औषधं आणि जुन्या घराचा पत्ता. तो पत्ता मी मुद्दाम लिहिला होता. वडील दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा तिकडेच चालले होते.